साडेपाच टन

मिरजोळ्याच्या शेडमध्ये पंख्याखाली बसून
मी दार काढते आहे. फक्त दार.
एकशे चाळीस किलोचं, तीन बिजागऱ्यांवर.
पहिल्यांदा दोनच दिल्या होत्या;
पंधरा दिवसांत ते म्हाताऱ्या बैलाच्या
जबड्यासारखं लोंबायला लागलं.

मुबारक सोलकर वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवतो,
म्हणतो, मॅडम, गोळी यायची तेव्हा येईल,
खारा वारा रोज येतो.
त्याचा बाप राजिवड्याला होड्या बांधायचा.
फळ्यांच्या सांध्यांत कापूस नि राळ ठासून
वरून मोरीचं तेल.
वास चार घरं सोडून जायचा,
पण पाणी आत यायचं नाही.
आमच्या सांध्यांना वास नाही.
प्रमाणपत्र आहे.

कागदावर गाडी सगळीकडे जाते.
तीस अंशांचा चढ, कमरेएवढी खाडी,
कातळावरचे सुटे दगड.
मग मी टेप घेऊन पूर्णगडला गेले
आणि दोन गडग्यांमधली वाट मोजली.
सहा फूट दहा इंच.
गाडी सात फूट पाच.
गडग्यावर बसलेल्या आजोबांनी विचारलं,
रस्ता होणार काय गो?
म्हटलं, रस्ता नाही, गाडी होणार आहे.
ते बराच वेळ चिऱ्यांकडे बघत राहिले,
जणू त्यांनीच आता थोडं सरकायचं होतं.

देवगडहून एका बागायतदाराचा फोन.
पोलिसांना देताय तशीच एक, पण पांढरी.
मागे पन्नास पेट्या राहतील ना?
कोणापासून वाचायचंय, हे गिऱ्हाइकाला विचारू नये.
मी विचारलं.
पलीकडून नुसता माकडं हाकलल्याचा आवाज.
तसं कोण नाही, म्हणाला, पण भावाचं नि माझं...
आणि मग रंगाविषयी बोलत राहिला.

चाचणी गावखडीच्या पुळणीवर ठेवली.
ओहोटी लागलेली, सुरूची सावली आखूड,
स्टिअरिंगवर सागरी पोलिसांतली हेमांगी डोर्लेकर.
तिने सगळं नीट केलं.
चुकले होते ते माझे आकडे:
सुक्या वाळूचे घेतले होते, ओल्या वाळूचे नव्हते.
पुढचा आस रुतला, मग मागचा,
मग वेळ गेला,
आणि पाणी परत फिरलं.

रापण ओढणारे धावत आले.
हवा सोडा, चाकांतली हवा सोडा,
हाताने, तोंडाने, पंजा उघडून मिटून सांगत होते.
हेमांगी आत गिअर बदलत होती.
एक्केचाळीस मिलिमीटर काचेच्या पलीकडे
त्यांची तोंडं नुसती उघडत मिटत होती,
टाकीतल्या माशांसारखी.
टाकीत कोण होतं, ते मला नंतर कळलं.
शेवटी एका पोराने वल्ह्याने बॉनेट बडवलं.
पोचा आलाय. तो काढायचा नाही, असं मी मुबारकला सांगितलंय.

हवा सोडली. रापणीचा दोर लावला.
चाळीस माणसं आणि साडेपाच टन पोलाद.
गाडी निघाली तेव्हा
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
त्यांची मासळी तापत होती.

हेमांगीने बाटली तोंडाला लावली,
अर्धी संपवली.
मग म्हणाली, बाकी सगळं ठीक,
आत भरती ऐकू येत नाही.

चाचणीच्या अहवालात यासाठी रकाना नाही.
मी शेरा या जागी लिहिलं.
पुण्याहून उत्तर आलं: प्रत्येक छिद्र म्हणजे कमजोर जागा,
माइक बसवा, स्पीकर बसवा.
बसवले. महिन्याभरात खाऱ्या हवेने
दोन्हींचे गळे धरले.

आता दाराच्या नकाशावर, बिजागरीपासून हातभर अंतरावर,
मी पेन्सिलीने एक वर्तुळ काढलंय,
रुपयाच्या नाण्याएवढं.
मुबारक म्हणतो, होईल, तिरकं पाडू,
आवाज वळून येतो, गोळी वळत नाही.
खरं असेल.
वर्तुळाशेजारी माप लिहायचं बाकी आहे.
खोडरबर मी खणात ठेवलंय,
आणि खण उघडाच आहे.