सहाशे अक्षरं

पाटीवर सहाशे अक्षरं बसतात.
स्वल्पविराम, पूर्णविराम,
दोन शब्दांमधली रिकामी जागा धरून सहाशे.
तेवढीच इंग्रजीत, तेवढीच फ्रेंचमध्ये,
काशाच्या एकाच पत्र्यावर सख्ख्या जावांसारखी,
कुणाच्या वाट्याला इंचभर जास्त नाही.

एकोणीस वर्षं मी ऑटावात हेच करतो.
देशानं काय आठवायचं ते मंडळ ठरवतं,
वर्षातून दोनदा, लांब टेबलाशी,
पाण्याच्या जगांमागे बसून.
मंत्री सही करतात.
मग फाइल माझ्याकडे येते, दोन किलो, तीन किलो,
आणि मी ती आटवतो.

हॉलिस खाडीच्या कॅनरीची चार किलोंची होती.
अर्ज लॉरेटा वेस्ली यांचा,
बारा वर्षांत तीनदा परत गेलेला:
एकदा पुरावे कमी म्हणून,
एकदा छप्पर कोसळलं म्हणून,
एकदा नुसताच.
आत फोटो, पगाराची वही, सॅल्मनच्या डब्यांची लेबलं,
आणि एका पानावर पेन्सिलीनं:
तान्ही मुलं माशांच्या खोक्यांत निजत.
खोकी वाफेच्या पाइपाला टांगलेली.
रडलं तर जी जवळ असेल ती कोपरानं झोका देई,
हात रक्ताचे असत म्हणून.

पहिल्या मसुद्यात मी हे सगळं ठेवलं.
दुसऱ्यात खोकी राहिली, कोपर गेलं.
तिसऱ्यात मालकाचं नाव वाढलं,
नाव नसेल तर इमारत कुणाची?
चौथ्यात उरलं:
येथे स्त्रियांनीही काम केले.
पाचव्यात मी तो 'ही'सुद्धा काढला.
एवढं मात्र माझ्या खाती लिहा.

अनावरणाला सप्टेंबरात गेलो.
वाऱ्यानं कापड आधीच दोनदा उडवलं,
खासदारबाई भाषण थांबवून हसल्या.
त्सिमशियन ढोल वाजला.
नाकात्सूंच्या घरचे व्हँकूवरहून आले होते,
आजोबांची होडी जिथून जप्त झाली तो धक्का शोधत.
धक्का नव्हता. खांब होते,
खांबांवर पाणकावळे.

लॉरेटाबाई ब्याऐंशीच्या.
बोट टेकवत टेकवत त्यांनी पाटी वाचली,
मग पुन्हा पहिल्यापासून,
घरचं माणूस यादीत सापडत नाही
तेव्हा वाचतात तशी.
"खोकी कुठायत?"
जागा नव्हती, मी म्हणालो.
"किती लागली असती?"
एकशे एकतीस अक्षरं. मोजली होती.

त्या काहीच बोलल्या नाहीत.
दोन खांबांवर उभ्या पाटीला वळसा घालून मागे गेल्या,
जिथे ओतकाम खरखरीत तसंच सोडतात,
तिकडे कुणी बघत नाही म्हणून,
आणि तळहात टेकवून बराच वेळ उभ्या राहिल्या.
नंतर चहा झाला, धुरावलेला मासा झाला.
मी संध्याकाळच्या विमानानं परतलो.

गेल्या महिन्यात तपासनिसाचा अहवाल आला.
समोरची बाजू: उत्तम.
रंग: किंचित उडालेला.
स्क्रू: चारही शाबूत.
मागची बाजू असा रकानाच नाही आमच्यात,
तरी त्या पोरानं, नवीन आहे,
समासात लिहिलंय:
मागे कुणीतरी खिळ्यानं नावं कोरतंय.
मागच्या खेपेला एकोणीस होती, आता सत्तावीस.
हात वेगवेगळे दिसतात.
एक ओळ जपानीत, मला वाचता आली नाही.
खाली एक खोकं काढलंय.
घासून काढू का?

उत्तराला नियमानं तीस दिवस असतात.
आज एकोणतिसावा.
एका हातात चहा, दुसऱ्यात पेन,
फाइल टेबलाच्या कडेला.
मी ती कोपरानं जरा पुढे सारतो,
जरा मागे.