कोरी बाटली

सकाळी केसांना शांपू नाही, हातांना क्रीम नाही.
नवे कपडे नकोत, पावसाळी जाकीट नको,
गाडीत बर्गरचा कागद नको,
वहीत पिवळ्या चिकटचिठ्ठ्यासुद्धा नकोत.
वारंवार धुतलेलं सुती तेवढं चालतं.
माझ्याकडे एक जुना झब्बा आहे, सोलापूरहून आणलेला,
कोपरावर विरलेला. तोच गणवेश.

जे शोधायचं ते आपल्याच अंगावर असतं,
म्हणून हे सोवळं.
घरी कधी पाळलं नाही, ते इथे पाळते,
बे सिटीच्या उत्तरेला, ह्युरॉनच्या काठी,
बंद पडलेल्या विमानतळामागे.

"आगीचा सराव करायचे तिकडे," व्हर्ना नोव्हिकी सांगते,
"फेस ओढ्यापर्यंत यायचा.
पोरं त्यात लोळायची. बर्फ म्हणायची, ऐन जुलैत."

नळ पंधरा मिनिटं सोडून ठेवायचा.
दोन अनोळखी बायकांना पंधरा मिनिटं बरीच होतात.
पाण्याला रंग नाही, वास नाही.
"चव गोड आहे," ती म्हणते, "शहरातलं पाणी
एडला कधी चाललं नाही."
मी एडबद्दल विचारत नाही.

पहिली बाटली विहिरीची.
दुसरीत प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी,
इथल्या हवेत ओतायचं आणि झाकण लावायचं.
"हे कशाला?"
माझ्यासाठी, मी म्हणते.
माझ्याकडून काही मिसळलं तर कळावं म्हणून.

हातमोजे काढले तोवर तिने कॉफी आणली.
त्याच नळाची. उकळून घेते, म्हणाली, काळजी नको.
नियमावलीत याबद्दल काहीच नाही.
मी प्यायले.

कुंटेबाईंनी शिकवलं होतं: जे झिजत नाही ते अक्षर.
फळ्यावर लिहिलं, आणि तास संपताच पुसलं.
कार्बन-फ्लोरीनची ही ब्रह्मगाठ मात्र
उकळून सुटत नाही, उन्हाने नाही,
माणूस गेल्यावरही नाही.

तीन आठवड्यांनी आकडे आले.
विहिरीचा मी दोनदा वाचला.
मग कोऱ्या बाटलीचा.
तिथे काहीच नको होतं. होतं.
लाख कोटीत दोन, फार नाही,
पण कुणाचे? हवेचे? झब्ब्याचे? माझे?

नमुना पुन्हा घ्यावा लागणार.
"ये की," व्हर्ना फोनवर म्हणाली, "कॉफी ठेवते."

रात्री झब्बा बादलीत टाकून नळ सोडला.
बादली भरेपर्यंत बघत उभी राहिले.
हे पाणी मी कधी तपासलेलं नाही.