घमेलं

इर्शादचा फोन आला तेव्हा मी
पाणीपट्टीच्या पावत्या फाडत होतो.
"सर गेले," म्हणाला,
आणि मग बराच वेळ आम्ही दोघं
लायनीवर नुसता श्वास घेत राहिलो,
हाफटाइमला घ्यायचो तसा.

गयासुद्दीन सर.
परभणीच्या कॉलेजात सव्वीस वर्षं, तासिका तत्त्वावर.
तास कॉलेज मोजायचं.
त्यांनी कधी मोजले नाहीत.

मैदान आमचं काळ्या रानाचं,
होळी झाली की उलायचं.
एकदा खिल्लारेचं पाऊल भेगेत गेलं ते गेलंच,
घोटा वेगळा, पोरगा वेगळा.
दुसऱ्या दिवशी सरांनी चेंडू आणलाच नाही.
घमेली आणली. अकरांना अकरा, बारावं त्यांचं.
मुरूम भरा, पाणी मारा, पायानं चोपा.
"चेंडू नंतर. आधी जमीन."
सटवा म्हणाला, सर, हे फुटबॉल आहे का रोजगार हमी?
ते शिट्टी तोंडात धरूनच हसले,
त्यामुळं हसू कमी
आणि शिट्टीच जास्त वाजली.

पहाटे साडेपाच.
लुनाचा आवाज जिंतूर रोडवरून वळला
की पोटात गोळा.
"पळायलास का फिरायला आलायस?"
"आभाळात काय बघायलास, चेंडू का तिथून पडणारय?"
मी गोलकीपर, माझ्यासाठी वेगळं:
"मियाँ, पंजा उघडा ठेव.
मुठीत काही येत नसतं."

नागपूरला पेनल्टीवर हरलो.
मी डावीकडं झेपावलो, तो उजवीकडून गेला,
अगदी सावकाश, पाहुणा उंबरा ओलांडतो तसा.
फलाटावर मी सगळ्यांकडं पाठ करून बसलो होतो.
सर डझनभर केळी घेऊन शेजारी टेकले.
एक सोललं, माझ्या हातात दिलं.
"तू बरोबर गेला होतास," म्हणाले,
"चेंडू चुकला."
मग उठून, टाळी वाजवून सगळ्यांना:
"बनी तो बनी, नहीं तो परभणी. चला, घरी."
पूर्णा येईपर्यंत डब्यात कुणीतरी हसलं.
मी नव्हतो, पण कुणीतरी.

शोकसभा नंतर झाली, ती आधीच सांगून टाकतो.
प्राचार्य नवे, नाव जियाउद्दीन म्हणाले.
दोन मिनिटं स्तब्धता.
मी घड्याळ लावलं होतं:
अठ्ठेचाळीस सेकंद.
सर असते तर शिट्टी मारून
सगळ्यांना पुन्हा उभं केलं असतं.

दफन दुपारी होतं. चैत्र.
आम्ही डोक्याला रुमाल बांधून कडेला,
सटवा तलाठी झालाय, पोट सुटलंय,
खिल्लारे अजून तसाच, एक पाय उधार घेतल्यासारखा.
खड्डा खणला होता काळ्या मातीत
आणि त्याच्या भिंतींतही भेगा,
बारीक, वरपासून खालपर्यंत.
माझं लक्ष तिथंच.
इर्शाद कानाशी म्हणाला, तीन मुठी.

पहिली टाकली.
दुसरी टाकली.
तिसरीला हात उघडेना.
वीस वर्षं झाली खेळ सोडून,
एवढी साधी गोष्ट, सर,
अजून जमत नाही.

उरलेल्या मातीसाठी कुणीतरी घमेलं पुढं केलं.
काठाला कुरतडलेलं, एक कान मोडका.
ते हातोहात फिरलं,
न बोलता, न ठरवता,
कुणी कुणाला पास दिला ते कळलं नाही.
शेवटचं खिल्लारेनं ओतलं
आणि चोपायला पाय उचलला, सवयीनं,
तोच पाय.
आणि तसाच हवेत धरून उभा राहिला,
ना खाली टेकवता येई, ना मागं घेता.

इर्शादनं त्याच्या खांद्याला धरलं.
"राहू दे," म्हणाला,
"एवढी जागा ते स्वतः बघतील."