सांडव्यावरची मोजणी

साहेब म्हणाले, आधी माणसं मोज,
पुलाचं नंतर बघू.
म्हणून पहाटे साडेपाचला दसकच्या काठावर
प्लास्टिकच्या खुर्चीत मी,
मांडीवर तक्ता. रकाने तीन :
पादचारी, सायकल, इतर.
माणसामागे एक उभी रेघ,
पाचवी आडवी.

समोर मानूर. मधे गंगा.
गोदावरी ती फक्त आमच्या फायलीत असते.
पानवेलींनी इतकी गच्च
की शेळीला कुरण वाटावं.
लांब एकलहऱ्याचं धुराडं,
धूर सोडावा की नाही या विचारात.

पहिल्या मंजुळाबाई निमसे.
डोक्यावर मेथीची पाटी, हात मोकळे,
कुठला दगड हलतो ते पायांनाच पाठ.
एक रेघ.

मग नोटांच्या छापखान्यातला एकजण,
सायकल खांद्यावर घेऊन.
शेवाळावर चाक घसरतं, म्हणाला.
म्हणजे सायकलनं त्याला आणलं नाही,
त्यानं सायकलला आणलं.
कुठला रकाना?
मी दोन्हींत अर्धी-अर्धी रेघ मारली.

उलटीकडून समीना, बिटकोतली रात्रपाळी संपवून,
चपला हातात, डोळे अर्धे मिटलेले.
तुम्ही कशाच्या?
पुलाच्या.
मागेही आले होते, म्हणाली.
त्यांची खुर्ची लाकडी होती.

साडेसातला दप्तरं. एकमेकांना ढकलत, मोजू न देता.
एक मुलगा तीनदा आला-गेला,
प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत :
मला धरलं का?
धरलं रे बाबा.

आठच्या सुमारास एक माणूस,
हातात तांब्या, त्यावर लाल फडकं.
सांडव्याच्या मधोमध थांबला,
पानवेल पायानं बाजूला सारली,
वाकला.
बराच वेळ वाकलेलाच राहिला.
मागे सायकली तुंबल्या. कुणी घंटी वाजवली नाही.
मग आल्या वाटेनं परत गेला.
तो पलीकडे पोचलाच नाही.
तक्त्यात नदी ओलांडणारेच धरायचे असतात.
माझी पेन्सिल तशीच हवेत.

पूर कुठवर येतो? मी बाईंना विचारलं,
त्या रिकामी पाटी घेऊन परतताना.
त्यांनी कडुनिंबाचं बेचकं दाखवलं.
तिकडं दुतोंड्याच्या गुडघ्याला पाणी लागलं ना,
की इकडं सांडवा गेलाच समजा.
मग?
मग काय, नांदूर नाक्यावरून वळसा.
रिक्षाचे साठ जातात, मेथीचे ऐंशी येतात.
वीस रुपयांत तुमचा पूल होतो का बघा.

मी टेप काढला, पाटी मोजली.
पंच्याहत्तर सेंटिमीटर.

आता कचेरीत नकाशा उलगडलाय,
कोपऱ्यांवर चार कप, एकात चहा.
निळी पूररेषा, लाल पूररेषा,
कडुनिंब कुठेच नाही. मी शाईनं काढला.
चढ वीसाला एक,
म्हणजे म्हातारं माणूसही सायकलवरून उतरणार नाही.
तोंडाशी खांब, मोटारसायकल शिरू नये म्हणून.
दोन खांबांत अंतर किती?
मी म्हटलं, नव्वद.
साहेब म्हणाले, नव्वदच का?
म्हटलं, मेथी.

आणि बरोबर मधे, चौथ्या गाळ्यावर,
पूल दोन मीटर जास्त रुंद धरलाय.
शेजारी ‘कारण’ असा रकाना असतो.
तिथे लिहिलं : थांबण्यासाठी.

साहेबांनी त्या शब्दाभोवती
तांबड्या पेन्सिलीनं गोल काढला.
खोडला नाही. सहीही केली नाही.
खर्च सिंहस्थाच्या निधीत बसतो का, विचारू म्हणाले.
मग बेरजेकडे बघून :
हे चारशे बारा आणि अर्धा काय आहे?
दोन्ही रकान्यांत अर्धा कसा उरतो?

मी खांद्यावरच्या सायकलीचं सांगायला लागले
तेवढ्यात फोन आला.

खुर्ची तिथेच राहिलीय, काठावर.
मंजुळाबाई म्हणे ती पाण्यात उभी करतात,
वर पाटी ठेवतात,
मेथी गार राहते.