गाडीचं तोंड बाहेर

पोर्ट मोर्सबीतली माझी पहिली रात्रपाळी.
किला बोईओनं आधी माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढला
आणि माझ्याच खिशात कोंबला.
"ज्याला धरून कुणी ओढेल, असं गळ्यात काही नको."
मग चावी फिरवता फिरवता:
"कुठंही थांबलो तरी गाडीचं तोंड बाहेर."

टेकडीवरची वस्ती. पत्रे, फळकुटं,
एका नळाभोवती निजलेली कुत्री.
भिंतीवर लाल शिंतोडे दिसले, मी दचकले.
तो हसला. "सुपारी आहे.
रक्त असतं तर एव्हाना काळं पडलं असतं."

बाई अडलेली होती.
फोनवर कुणीतरी ओरडत होतं,
एकदा देवाला, एकदा आम्हाला.
दारासमोर नाही, दाराच्या बाजूला उभं राहायचं,
हात मोकळे, आवाज खाली,
हे सगळं मी पाठ केलेलं.
दारापर्यंत पोचलोच नाही.

पुरुषभर गवतातून एक माणूस निघाला,
उघडाबंब, घामानं निथळणारा, हातात कोयता,
मोठमोठ्यानं काही बोलत, थेट आमच्याकडे.
त्याच्या डोंगरातली भाषा.
मला येत नव्हती. किलालाही.
किलानं माझा दंड धरला.
इंजिन चालूच होतं.

खाली चौकीपाशी पाऊण तास गेला.
पोलिसांच्या गाडीत डिझेल नव्हतं, मग होतं.
रेडिओवर तोच पत्ता, पुन्हा, पुन्हा.
मी हातमोजे काढले. घातले. काढले.
किला सुपारी चघळत म्हणाला,
"हाने आता ऑफिसात बसते. याच टेकडीवर आली होती.
डाव्या हातानं लिहायला शिकलीय."

पुन्हा वर गेलो. पुढे पोलीस.

गवत कापलेलं होतं.
रस्त्यापासून पार उंबऱ्यापर्यंत,
नीट, मुळालगत,
स्ट्रेचरच्या रुंदीइतकं.

आत चटई ओली, आणि कुणी नाही.
शेजारच्या म्हातारीनं सांगितलं,
मासळीच्या ट्रकात घालून नेलं.
कुठं? माहीत नाही.
जिवंत होती? म्हातारीनं तळहात उलटा केला.

उतारावर मी विचारलं,
तो आपल्यावर येत होता, की आपल्यासाठी?
किलानं काच खाली केली, पिंक टाकली.
"तू माझ्या शेजारी बसलीयस ना?"
पुढचे दोन सिग्नल आम्ही गप्प.

पहाटे मी बाळंतिणींच्या वॉर्डात जाऊन आले.
अठरा खाटा, बावीस बायका.
नर्सनं विचारलं, नाव काय तिचं?
नाव विचारायचं राहिलंच होतं.

बाहेर इस्पितळाचं आवार रिकामं होतं,
हवी तशी लावावी एवढी जागा.
तरी किला मागं-पुढं करत
गाडी वळवत बसला होता.