दीड इंच माया

सिलेंडर हलवला तेव्हा जागा निघाली.
साडेतीन फूट लांब, अडीच रुंद,
फरशीवर गंजाचं गोल कडं.
लिंबू चोळलं, रॉकेल चोळलं, गेलं नाही.
त्यावरच मशीन ठेवलं.

खिडकी खाडीच्या अंगाची.
कोपरखैरण्यात एवढं मिळालं म्हणजे मिळालं.
दुपारी तीनपर्यंत उजेड फुकट,
मग समोरच्यांनी चढवलेल्या मजल्याची सावली
थेट सुईवर येऊन बसते.

भिंतीत चार खिळे. कात्री, टेप, उरेपाच्या पट्ट्या,
आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर उलटं टांगलेलं,
कोऱ्या बाजूवर लोकांची मापं.
कात्रीखाली मी खडूनं लिहिलं : कागदाला लावायची नाही.
त्याखाली पोरानं लिहिलं : आणि मिशीला?

इथली हवा लोखंड चाखत असते.
एक रात्र उघडं राहू दे,
सकाळी चाकाला बोट लावा, तांबूस पूड.
तेल घालावं तर तेलावर धूळ बसते.
म्हणून कव्हर.

पहिलं बारदानाचं.
ह्यांनी आणलं कांदा-बटाटा मार्केटातून,
तीनदा झटकलं तरी टीप घालताना
कांद्याची सालं उडत होती घरभर.
बेतलं मी अगदी नेमकं, मापाला माप,
माया सोडायचीच विसरले.
चाकापाशी अडकलं, पुढून वर चढलं.
शेजारच्या गुलशनबी दारातूनच म्हणाल्या,
काय गं, बाळाला कुंची शिवलीस?

हे हसले नाहीत.
कोनाड्यातलं दाभण काढलं, सुतळी ओवली,
म्हणाले, गोणीचं तोंड शिवतानासुद्धा
आम्ही चार बोटं सोडतो.
मालाला श्वास लागतो.
तीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या
आणि शिवण मला शिकवतात!
दुसऱ्या दिवशी गुपचूप चार बोटं सोडली.

ते बसलं.
मोडक्या छत्र्यांचं काळं कापड, आतून जुन्या परकराचं अस्तर,
कडेनं लाल गोट, कात्रीला खिसा,
वर मूठ बाहेर यायला फट.
गुलशनबींनी एक नेलं, जावेला दाखवलं.
मग सेक्टर बारातून दोन, घणसोलीहून पाच,
ऐरोलीच्या शिवणक्लासातून एकदम अकरा,
सगळी एका रंगाची नकोत, म्हणाल्या बाई,
आणि वेगवेगळ्या रंगांचीही नकोत, मुली भांडतात.

गावातले धर्मा मढवी आले ते सुतळी घेऊन.
सुतळीला गाठी : ही उंची, ही रुंदी, ही खोली.
डावीकडची गाठ पाच इंच लांब.
काका, सुतळी ताणली गेली असेल.
नाय, म्हणाले. झंपर हाय मशीनवर.
एक बाही लागलेली, दुसरी सुईखाली.
ती काढाची नाय. तशीच झाकाची.

कधीपासून, ते मी विचारलं नाही.
खडूनं रेघ ओढली, पुसली,
आणखी बाहेर ओढली.
डाव्या अंगाला दीड इंच माया,
मग वर अजून एक.
न्यायला आले तेव्हा त्यांनी कव्हर उलटं करून
आतली टीप पाहिली, बायका पाहतात तशी,
नखानं दोरा ओढून.
दहा रुपये जास्त दिले. मी परत केले. त्यांनी टेबलावर ठेवले.

माझ्या मशीनला अजून कव्हर नाही.
काळं पहिलं शिवलं ते गुलशनबींकडे,
कुंचीत लसूण भरलाय.
रात्री हे खांद्यावरचा टॉवेल टाकतात मशीनवर
आणि पहाटे चारला बाजाराला निघताना
उचलून नेतात.

दार लागलं की मी उठते,
अंधारातच चाकाला हात लावते,
बोट अंगठ्यावर घासून पाहते.
दिवा लावायचा की अजून पडायचं
ते त्यावर ठरतं.