वाबर

हुफूफ सोडल्यावर दुसऱ्या दिवशी
मुस्फिरनं टायरमधली हवा उतरवली,
म्हणाला, आता वाळू म्हणेल तसं.

विवर कुठंय, विचारलं तर
पायाखाली बोट दाखवलं.
वाळूनं बुजत आणलेलं,
परातीसारखा उथळ खळगा उरलेला.

सांगळे मूळचा लोणारचा.
पाणी नाही, देऊळ नाही, माकडं नाहीत,
असलं कसलं विवर म्हणून हिरमुसला.
मग वाकून वेचत बसला
वितळून गार झालेल्या वाळूचे काळे मणी.

वेल्डिंगच्या ठिणग्यांनी डागलेल्या तळव्यावर
सात-आठ होते.
एकेक उन्हात धरून बघितला
आणि परत ठेवला त्यानं, जिथला तिथं.

परतताना तासभर कुणी बोललं नाही.
पंपावर चहा घेताना म्हणाला,
आमचं अजून भरलं नाही.